चौदावं कार्ड

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला वेलांटीबाईंनी टेबलावरची पुडकी सोडायला घेतली, आणि ‘अ‍ॅलेगेशन’च्या मागोमाग एकदम ‘अ‍ॅलीजन्स’ हाताला लागलं. मधलं ‘अ‍ॅलेज’ नव्हतं.

त्यांनी टेबलाखाली पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, कचऱ्याच्या टोपलीतही हात घालून पाहिला. मग उठून कपाटाशी गेल्या आणि ‘ए’चा तिसरा खण ओढला. तिथेही नव्हतं.

कोशाच्या कचेरीत एखादं पुडकं हरवणं म्हणजे दवाखान्यातून पेशंट हरवण्यासारखं. इंग्रजी शब्दांचा अर्थ आपल्या भाषेत सांगणारा हा कोश तेहतीस वर्षं चालला होता. चाललाय कसला, रांगतोय, असं लोक म्हणायचे. एकेका शब्दाची माहिती तळहाताएवढ्या कार्डांवर लिहायची: शब्द कुठल्या पुस्तकात कुठल्या साली सापडला, कुठल्या अर्थानं, आणि मुळात आला कुठून. एका शब्दाची सगळी कार्डं पांढऱ्या नाडीनं बांधली की झालं पुडकं. आता कुठे पहिला खंड छापायला निघाला होता आणि वेलांटीबाई त्याची शेवटची मुद्रितं तपासत होत्या. एका वेलांटीसाठी त्यांनी म्हणे कोशाच्या वार्षिक अहवालाची चालू छपाई थांबवली होती. तेव्हापासून त्यांचं खरं नाव त्यांच्या घरच्यांनाच काय ते आठवत असेल.

भिंतीवर एक पाटी होती: ‘कार्डावर नाही ते कोशात नाही.’ मोठ्यात मोठा विद्वान आला आणि त्यानं छातीठोक सांगितलं, तरी कार्ड दाखवल्याशिवाय एक अक्षर आत जात नसे.

सकाळपासून एक गोष्ट तेवढी त्यांना खुपली होती. ‘अ‍ॅलेगेशन’ची नाडी सुटता सुटेना. एरवी एक टोक ओढलं की नाडी सळकन सुटायची. आज निरगाठ होती. नखं झाली, शेवटी दात लावले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दातांची अशी परीक्षा बघणाऱ्याला त्यांनी मनातल्या मनात दोन शेलके शब्द दिले आणि गोष्ट सोडून दिली. सोडायला नको होती.

दहा मिनिटांत सगळे सरांच्या खोलीत जमले. सर म्हणजे मुख्य संपादक. ताई आल्या. शब्दांची मुळं खणून काढणं हे त्यांचं काम, आणि वेलांटीबाईंशी त्यांची सव्वीस वर्षांची मैत्री. ऑपरेटरबाई आल्या, त्या कार्डांवरचा मजकूर संगणकावर चढवायच्या. सगळ्यात मागे दाराशी मामा उभे राहिले. मामा म्हणजे कार्डवाले. एकतीस वर्षं कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते.

“अहो, मुद्रितात जुनंच मूळ छापलंय,” ताई म्हणाल्या. “मी दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती केली होती. ती त्या पुडक्यात होती.”

“पुडकं नाही तर दुरुस्ती नाही,” सर म्हणाले. “कपाटाशी शेवटचं कोण होतं?”

तेव्हा वेलांटीबाई बोलल्या. त्यांना गप्प राहता येत नसे, चूक दिसली की बोट ठेवायचं, हीच तर त्यांची नोकरी.

“काल संध्याकाळी मी चष्म्याचं घर विसरले म्हणून परत आले. साडेसहा वाजले असतील. मामा कपाटापाशी होते. हाच खण उघडा होता, आणि मला बघून ते दचकले.”

सर मामांकडे वळले. “होतात की नव्हतात?”

“होतो,” मामा म्हणाले.

एवढीच चौकशी झाली.

२

मग ज्याला जे आठवेल ते जो तो बोलू लागला. मागच्या महिन्यात सर म्हणाले होते, आता सगळं संगणकावर आलं, कपाटं मोडीत काढू. तेव्हा मामांचा चेहरा पडला होता. ऑपरेटरबाईंनी तो पाहिला होता. म्हणजे मामांना राग होता. जाता जाता काढला असेल. शेंडा ना बुडखा, पण पाच मिनिटांत गोष्ट उभी राहिली आणि चालायला लागली.

सर वाईट माणूस नव्हते. घाईत होते. “प्रस्तावना गुरुवारी पाच वाजता छापखान्यात जाते,” ते खाली मान घालून म्हणाले. “आभारातली शेवटची ओळ काढावी लागेल. मला वाईट वाटतंय, मामा.”

शेवटची ओळ मामांची होती. ‘कार्डव्यवस्था’ आणि पुढे त्यांचं नाव. एकतीस वर्षांत त्यांचं नाव छापून येण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण प्रस्तावनेचं मुद्रित आलं त्या दिवशी ते वेलांटीबाईंच्या खुर्चीमागे जरा जास्तच वेळ उभे राहिले होते.

मामांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, सरांच्या टेबलावर ठेवला आणि चप्पल घालून जिना उतरून गेले. भांडले नाहीत. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली. माणूस ओरडला तर चोराच्या उलट्या बोंबा, आणि गप्प राहिला तर मनात पाप. निवाडा करायला बसलेल्यांचं असं दोन्हीकडून सोपं असतं.

जेवायच्या सुट्टीत वेलांटीबाईंनी पोळी मोडली आणि तशीच बाजूला ठेवली.

“तू काय खोटं बोललीस का?” ताई म्हणाल्या. त्या डब्याच्या पिशवीच्या गाठीशी झटत होत्या. “जे पाहिलंस ते सांगितलंस. दे गं ती कात्री.” ताईंची गाठ कधी हातानं सुटली नव्हती. “चौदाच्या चौदा कार्डं, कोणीतरी नेल्याशिवाय का गेली?”

“मी ‘त्यांनी नेली’ असं म्हटलं नाही.”

“नाहीच म्हटलंस.”

पण वेलांटीबाईंना ते पटेना. हरवलेल्या शब्दाचा अर्थ त्यांच्या समोरच्या मुद्रितात छापलेला होता: ‘पुरावा न देता, किंवा देण्याआधीच, अमुक घडलं असं ठासून सांगणे.’ या क्रियापदासाठी कोशात वर्षभर वाद झाला होता. ‘आरोप करणे’ म्हटलं तर फार जड होतं आणि ‘म्हणणे’ म्हटलं तर फार हलकं. नेमका शब्द काही केल्या मिळत नव्हता. वेलांटीबाईंनी आज शब्दावाचूनच ते करून दाखवलं होतं. पाहिलं तेवढंच सांगितलं. फक्त अशा वेळी सांगितलं की पुढचं वाक्य ऐकणाऱ्यांनी आपणहून पुरं करावं.

बुधवारी सकाळी त्या आल्या तर त्यांचं टेबल रिकामं होतं. दिवसाची पुडकी रोज ओळीनं मांडलेली असायची. ऑपरेटरबाई लवकर यायच्या, त्याच मांडत असणार. आज त्यांना उशीर झाला असेल, असं म्हणून वेलांटीबाईंनी स्वतःच पुडकी शोधून आणली. त्यात पाऊण तास गेला.

मग त्यांनी मुद्रित बाजूला सारलं. गुरुवारी पाचपर्यंत वेळ होता. ज्या तोंडानं मामांची ओळ खोडली, त्याच तोंडानं ती परत लिहून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. मामा निर्दोष आहेत म्हणून नव्हे. ते त्यांना ठाऊक नव्हतं. काहीच ठाऊक नव्हतं, आणि सगळी गोम तिथेच होती.

ऑपरेटरबाई साडेअकराला आल्या.

“‘अ‍ॅलेज’? तेरा कार्डं,” रजिस्टर उघडून त्या म्हणाल्या. “ही बघा. तेरा नोंदली, तेरा मी चढवायला घेतली, पण ताईंचं मुळाच्या दुरुस्तीचं कार्ड राहिलं होतं. मुलगी आजारी पडली ना तेव्हा. मग राहूनच गेलं.”

“नाडी सोडलीत की परत कशी बांधता?”

“नाडी कोण बांधतंय? मी आपली रबर लावते. मामा रोज चिडायचे, रबर काढून पुन्हा नाडी बांधायचे.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “खरं सांगू? मामा वगैरे काही नाही हो. त्या शब्दाच्या मुळानं एकाच माणसाचं नाक कापलं जाणार होतं. सरांचं.”

३

सरांचं एक पुस्तक होतं. वीस वर्षांपूर्वीचं, शब्दांच्या जन्मकथांचं. त्याला बक्षीस मिळालं होतं आणि त्यातलं दीड पान ‘अ‍ॅलेज’वर होतं. ताईंच्या दुरुस्तीनं ते दीड पान खोटं ठरत होतं.

साहेबाला ‘चोरी तुम्ही केलीत का’ असं विचारायचं कसं? वेलांटीबाईंनी जन्मात लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ काढले होते. मालकाचे काढण्याची ही पहिलीच खेप. त्या सरांपुढे बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

“विचारा,” सर म्हणाले. “ऑपरेटरबाईंनी सांगितलं असेल. सगळ्यांना तेच वाटतंय, फक्त मला सांगत नाहीत.”

त्यांनी खणातून आपल्याच पुस्तकाची प्रत काढली. दीड पानावर लाल रेघ होती आणि समासात सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘चूक. ताईंचं बरोबर.’ खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख.

“मी लिहिलं होतं, हा शब्द एका लॅटिन क्रियापदाचा नातू. निरोप देऊन धाडणं, पुरावा म्हणून पुढे करणं, असा त्याचा अर्थ. अर्थ बरोबर जुळतो म्हणून मी खूश झालो. पण शब्दाचं रूप त्या घरचं नाहीच. रूप आलं जुन्या फ्रेंचमधल्या एका वेगळ्याच शब्दावरून. कोर्टकचेरीतून सुटणं, स्वतःला निर्दोष मोकळं करून घेणं, हा त्याचा अर्थ. त्याचं नातं ‘लिटिगेट’शी, म्हणजे दावा लढण्याशी. म्हणजे देह एकाचा आणि जीव दुसऱ्याचा. इंग्रजीत आला तेव्हाही तो न्यायालयात शपथेवर मांडण्याचा शब्द होता, बाई. हळूहळू त्यातला पुरावा गळत गेला आणि नुसतं म्हणणं उरलं.”

सर खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या इमारतीच्या गच्चीत कोणीतरी चादरी वाळत घालत होतं.

“मामांना मी दोनच शब्द विचारले,” ते म्हणाले. “काल घरी जाताना लक्षात आलं. होतात की नव्हतात. त्यापुढे विचारलंच नाही.”

“मीही नाही,” वेलांटीबाई म्हणाल्या.

“ताईंना मी विचारलं होतं, तुम्हाला हे सुचलं कसं? त्या म्हणाल्या, सहज ‘लिटिगेट’ चाळताना.”

वेलांटीबाई उठता उठता थांबल्या. ‘लिटिगेट’ म्हणजे ‘एल’. ‘एल’ चौथ्या खंडात. ती कपाटं माळ्यावर, आणि दहा वर्षं तरी संपादकांपैकी कोणी त्या माळ्यावर चढलेलं नव्हतं. चढायचे ते फक्त मामा.

त्यांना मामांची एक खोड आठवली. एका शब्दाच्या कार्डावर दुसऱ्या शब्दाचा उल्लेख दिसला की मामा पेन्सिलीनं एक जोडकार्ड लिहून त्या दुसऱ्याच्या पुडक्यात टाकायचे: ‘अमुक पहा’ आणि तारीख. सगळे चेष्टा करायचे. मामांनी आणखी एक सोयरीक जमवली म्हणायचे. कार्डवाल्याच्या कार्डांना संपादकांसारखा क्रमांक नसे, त्यामुळे ती रजिस्टरात चढत नसत.

एका पुडक्यातलं कार्ड चोरता येईल. पण मामांच्या कारभारात कार्ड एकटं कधीच नसायचं.

सरांकडून जुडगा घेऊन त्या माळ्यावर गेल्या. गुडघ्यांनी पायरीपायरीला तक्रार केली. ‘लिटिगेट’चं पुडकं जागच्या जागी होतं. नाडीचं एक टोक ओढलं, आणि ती सळकन सुटली. सुरगाठ होती.

तळाशी पेन्सिलीचं कार्ड होतं. मामांचं गोल, शाळकरी अक्षर: ‘अ‍ॅलेज पहा. अर्थ तिकडचा, पण अंगरखा इथला वाटतो. तिथे टिपण ठेवलं आहे. ताईंना दाखवावं.’

तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. ताईंची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीची.

४

वेलांटीबाई त्या धुळीत खालीच बसल्या.

धावत खाली जावं, सरांच्या टेबलावर कार्ड आपटावं आणि सांगावं, असं क्षणभर मनात आलं. शब्द अगदी ओठांवर आले. मंगळवारीही असेच आले होते.

त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं. या कार्डानं सिद्ध काय होतं? एवढंच, की ती गोष्ट आधी मामांना सुचली. पुडकं कोणी नेलं, ते यावर कुठेही लिहिलेलं नाही. मग त्या एकेक ओळ लिहीत गेल्या.

‘अ‍ॅलेगेशन’ला निरगाठ होती. कोणीतरी घाईत चुकून आधी ते सोडलं आणि पुन्हा बांधलं. मामा सुरगाठ मारतात. ऑपरेटरबाई रबर लावतात. सर बांधतच नाहीत, पुडकं तसंच पसरून हाका मारतात. निरगाठ मारणारी आणि मग कात्री मागणारी कचेरीत एकच व्यक्ती होती.

आणि आकडा. रजिस्टरात तेरा. संगणकावर तेही पुरे नाहीत. ताई मात्र जेवताना म्हणाल्या होत्या, चौदाच्या चौदा. चौदावं ते मामांचं पेन्सिलीचं टिपण. ज्यानं ते पुडकं हातात घेऊन मोजलं, तोच चौदा म्हणणार.

लिहून झालं तेव्हा त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. सव्वीस वर्षं दोघी एका डब्यातलं जेवत होत्या. ताईंच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रात्रभर टोपडं विणलं होतं. कार्ड पर्समध्ये टाकताना त्यांना वाटलं, चूक सापडली की आपल्याला इतकी वर्षं बरं वाटायचं, ते कसल्या आनंदानं?

गुरुवारी दुपारी जेवणघरात दोघीच राहिल्या.

“अगं, त्या पुडक्यात कार्डं किती होती?”

“चौदा. का?”

“रजिस्टरात तेरा आहेत.”

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून काढून पुन्हा लावलं. वेलांटीबाईंनी जोडकार्ड टेबलावर ठेवलं. या वेळी त्यांनी विचारलं.

“काय झालं ते तू सांगशील का?”

ताईंनी कार्ड जवळ ओढून त्यावरची तारीख वाचली.

“त्यांनी टिपण दाखवलं तेव्हा मी हसले होते,” ताई म्हणाल्या. “कार्डवाला मला मूळ शिकवतोय! चार वर्षं ते पुडक्यात पडून होतं. मग एकदा सहज शोधलं, तर शब्दांच्या मुळांवरच्या चारही मोठ्या ग्रंथांत तेच. खपले गं मी त्याच्यावर. सगळं तपासलं, मांडलं. फक्त सुचलं त्यांना होतं. एका व्याख्यानात ‘मला असं आढळलं’ म्हणून गेले. एकदा म्हटल्यावर मागे कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी मामा आले आणि म्हणाले, ‘भाषण छान झालं, ताई.’ बस. त्यापुढे दोन वर्षांत एक शब्द नाही. ते भांडले असते तर बरं झालं असतं.”

“मग आत्ताच का?”

“खंड निघाला की सगळ्या कार्डांची चित्रं काढून लोकांना बघायला ठेवणार आहेत. तारखेसकट. सोमवारी जेवायच्या सुट्टीत मी एवढं एकच कार्ड काढायला गेले. पाऊल वाजलं म्हणून अख्खं पुडकं पिशवीत टाकलं.”

“आणि मंगळवारी?”

“तू बोललीस. आणि मला वाटलं, सुटले. मी काहीच केलं नाही गं. नुसती गप्प बसले.”

वेलांटीबाईंना रागावायचं होतं. पण गप्प बसणारीला बोलणारीनं काय तोंडानं रागवायचं?

“पुडकं कुठंय?”

ताईंनी आपल्या टेबलाचा खालचा खण उघडला. पुडकं तिथे होतं, दुहेरी निरगाठ मारलेलं. “फाडणार होते. तीन दिवस खण उघडून बघतेय. हात चालत नाही. तीस वर्षांत मी एक कार्ड कधी दुमडलं नाही.”

५

साडेचारला ताई स्वतः सरांच्या खोलीत गेल्या. दार लावलं. वेलांटीबाई बाहेर घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. पाचला दहा कमी असताना सर बाहेर आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आभारातली शेवटची ओळ परत लिहिली.

“माझं नाव काढा,” ताई मागून म्हणाल्या.

“कोणाचंही नाव काढायचं नाही,” सर म्हणाले. “एकदा घाई करून झाली माझी.”

पेन्सिलीच्या टिपणाला वेलांटीबाईंनी शाईनं क्रमांक घातला: चौदा.

शुक्रवारी सकाळी पुडकं आणि किल्ल्या घेऊन त्या मामांकडे गेल्या. तिसरा मजला. मामींनी दार उघडलं, ओळखलं, आणि ‘या’ म्हणायला जरा वेळ घेतला. मामा खिडकीशी बसले होते. वेलांटीबाईंनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, स्वतःचं वाक्यही नाही.

मामांनी पुडकं हातात घेतलं. ताईंची निरगाठ त्यांनी कात्रीशिवाय, सावकाश, टोकाटोकानं सोडवली. कार्डं मोजली. चौदाव्यावरची शाई पाहून थोडा वेळ थांबले. मग नाडी बांधली आणि एक टोक ओढून बघितलं.

“तुम्हाला माहीत होतं का, ताईंनी नेलं ते?”

“अंदाज होता. गाठ पाहिली होती मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“अंदाजच तो. कार्ड कुठे होतं माझ्याकडे?”

“मामा, प्रस्तावनेत तुमची ओळ परत आली. सर म्हणालेत, महिनाअखेरीपर्यंत तरी या. हात जोडून सांगितलंय. या किल्ल्या...”

“किल्ल्या राहू द्यात, बाई.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “सरांना नमस्कार सांगा. माझं झालं तिथलं.”

मामींनी पाण्याचा पेला पुढे केला. वेलांटीबाईंनी तो घेतला आणि हातातच धरून ठेवला. गाठ सापडली, आकडा सापडला, तारीख सापडली. सगळं कोडं सुटलं होतं. एक प्रश्न तेवढा चार दिवसांत कोणीही विचारला नव्हता. सरांनी नाही, त्यांनीही नाही.

“मामा, सोमवारी संध्याकाळी तुम्ही कपाटापाशी काय करत होतात?”

मामांनी आश्चर्यानं वर पाहिलं. “म्हणजे? तुमची पुडकी काढत होतो.”

“माझी?”

“दुसऱ्या दिवशीची. तुम्ही गेल्यावर रोज काढून ठेवतो ना. अकरा वर्षं झाली, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. सकाळी डोळे ताजे असतात, ते शोधाशोधीत शिणू नयेत म्हणून. त्या दिवशी एक पुडकं मिळेना. म्हटलं, उद्या बाईंचं काम अडेल. म्हणून खण उपसत होतो, तर तुम्हीच आलात दारात. दचकलो.” ते किंचित हसले. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

वेलांटीबाईंना खूप रडू येत होतं आणि मामींसमोर ते त्यांना नको होतं. त्यांनी पेला खाली ठेवला, पुडकं उचललं आणि “येते” म्हणून निघाल्या. दाराशी मामांनी, सवयीनं, त्यांची चप्पल सरळ करून ठेवली.

सोमवारी साडेदहाला त्या कामावर आल्या. टेबल रिकामं होतं. पर्स अडकवून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग चष्मा लावला आणि आपली पुडकी काढायला कपाटाकडे गेल्या.